वॉटर पंप बदलायला किती लागतात?

अल्टोचा वॉटर पंप बदलायला गल्लीतला गॅरेजवाला तीन-चार हजार सांगतो. डिझेल डस्टरवाल्याच्या हातात पंधरा-वीस हजारांचे एस्टिमेट पडते. जर्मन आलिशान गाडीच्या मालकाला पन्नास हजारांच्या आसपासचा आकडा ऐकायची तयारी ठेवावी लागते. तिन्ही गाड्यांत या पंपाचे काम एकच असते, इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये कूलंट फिरवत ठेवण्याचे. तरीही बिलात इतके अंतर का पडते, आणि एकाच गाडीसाठी एकाच शहरात दोन ठिकाणी दुप्पट-तिप्पट फरकाचे आकडे का मिळतात, यावर गाडीमालक, गॅरेजवाले, सुट्या भागांचे दुकानदार आणि कंपन्या वर्षानुवर्षे आपापली बाजू मांडत आले आहेत. ही चर्चा आज कुठे आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

घाटात बॉनेट उघडे असण्याच्या काळापासून

कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघत होती, त्या काळात वॉटर पंपाच्या खर्चाचा फारसा वाद नव्हता. इंजिन गाडीत उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने बसवलेले असे. पंप इंजिनाच्या तोंडाशी आणि रेडिएटरचा पंखा थेट पंपाच्या शाफ्टवर. बॉनेट उघडले की सगळे समोर. मिस्त्री फॅन बेल्ट सैल करी, पंखा उतरवी, चार बोल्ट काढी आणि पंप हातात घेई. नवा पंप आणण्याची गरजही क्वचित पडे. सील, बेअरिंग आणि शाफ्ट यांचे किट मिळत असे. जुने बेअरिंग लेथवाल्याकडे प्रेसवर दाबून काढायचे, नवे बसवायचे आणि तीच बॉडी पुन्हा लावायची. माल दुर्मिळ आणि मजुरी स्वस्त, त्यामुळे दुरुस्ती हाच हिशेबाचा मार्ग होता. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून डबड्याने पाणी ओतणारे गाडीवाले हे त्या काळचे नेहमीचे दृश्य. गाडी गरम होणे हा प्रवासाचाच एक भाग मानला जात होता.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे गणित हळूहळू बदलले. इंजिन आडवे झाले, पंखा विजेवर गेला आणि पंप इंजिनाच्या कडेच्या अरुंद सापटीत सरकला. पंपही बंदिस्त झाला. सील आणि बेअरिंग कारखान्यातच कायमचे दाबून बसवलेले, त्यामुळे बिघडला की आख्खा बदलायचा. १९९१नंतर परदेशी कंपन्या आल्या, दोन हजारच्या दशकात कॉमन रेल डिझेल इंजिने आली आणि त्यांतल्या काहींनी पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे क्रँक आणि कॅम यांना जोडणाऱ्या आतल्या पट्ट्यावर, नेऊन ठेवला. पंपाच्या किमतीपेक्षा पंपापर्यंत पोहोचण्याची किंमत मोठी होऊ लागली ती इथून. आजच्या जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ या बदलात सापडते.

पंप कशावर फिरतो, यावर बिल ठरते

किमतीची चौकशी करताना गाडीचे मॉडेल सांगितले जाते, पण खरा प्रश्न पंप कोण फिरवतो हा असतो. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत टायमिंगसाठी साखळी असते आणि पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो. स्विफ्ट डिझेलपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत गेलेले आणि पुण्याजवळ रांजणगावलाही बनलेले फियाटचे १.३ मल्टिजेटही याच जातीचे. बेल्ट उतरवा, पुली काढा, पंप बदला. अर्ध्या दिवसाच्या आतले काम.

रेनोच्या १.५ डीसीआय इंजिनाची तऱ्हा वेगळी. डस्टर, निसान टेरानो आणि महिंद्राच्या नाशिक कारखान्यातून निघालेली लोगान-व्हेरिटो या गाड्यांत ते होते. त्यात पंप टायमिंग बेल्टनेच फिरतो. चाकणला बनलेल्या पोलो आणि व्हेंटोचे १.६ टीडीआय इंजिन आणि फोर्डचे १.५ टीडीसीआय यांचीही रचना तशीच. पंपाला हात लावायचा म्हणजे इंजिनाला खालून आधार द्यायचा, एका बाजूचे माउंटिंग काढायचे, टायमिंगचे कव्हर उतरवायचे, क्रँक आणि कॅम लॉक करण्याची खास हत्यारे लावायची आणि मग बेल्ट सैल करायचा. एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची भीती. तीन-चार हजारांच्या पंपासाठी होणाऱ्या या सगळ्या उस्तवारीचे पैसे बिलात येतात, आणि ते वाजवी आहेत हे शोरूमच्या विरोधातले मेकॅनिकही मान्य करतात.

कुशाक आणि टायगुन यांच्या १.० टीएसआय पेट्रोलमध्ये तिसरीच रचना आहे. पंप आणि थर्मोस्टॅट यांचे एकत्र मोड्यूल गिअरबॉक्सच्या बाजूला असते आणि कॅमशाफ्टवरून एक छोटा स्वतंत्र दातेरी बेल्ट त्याला फिरवतो. मुख्य टायमिंगला हात लावावा लागत नाही, पण थर्मोस्टॅट खराब झाला तरी महाग मोड्यूल बदलण्याचा सल्ला मिळण्याची शक्यता वाढते. सर्वांत खर्चिक रचना आपल्या रस्त्यांवर फारशी नाही. फोर्डच्या ३.५ लिटर व्ही-६ इंजिनाच्या आडव्या बसवलेल्या आवृत्तीत पंप इंजिनाच्या आत, टायमिंग चेनवर आहे. तो गळला तर कूलंट थेट ऑइलमध्ये उतरू शकतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांनी एक्सप्लोरर किंवा एज घेतली असेल, त्यांना हजारो डॉलरचे एस्टिमेट का येते ते यावरून कळेल. तिथे मजुरी महाग, त्यामुळे बिलाचा मोठा वाटा तासांचा असतो. आपल्याकडे साध्या गाडीच्या बिलात भागांचा वाटा मोठा असतो. परदेशी संकेतस्थळांवरचे आकडे रुपयांत बदलून इथल्या गॅरेजवाल्याशी भांडण्यात म्हणूनच अर्थ नाही.

आता आकडे. शहरागणिक आणि वर्षागणिक ते बदलतात, पण पट्टे साधारण असे आहेत. छोट्या पेट्रोल गाडीचा पंप दीड ते तीन हजार. त्यावर गॅस्केट किंवा ओ-रिंग, तीन ते पाच लिटर तयार कूलंट आणि मजुरी. जुना फॅन बेल्ट त्याच वेळी बदलला तर आणखी काही शे. सगळे मिळून तीन ते सहा हजारांत काम व्हावे. मध्यम सेडानला पाच ते दहा हजार. टायमिंग बेल्टवाल्या डिझेलला बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप यांचे पूर्ण किट धरून बाहेर बारा ते वीस हजार आणि अधिकृत केंद्रात त्याहून वर. त्याच्या पुढे आलिशान गाड्यांचे जग, तिथे वरची मर्यादा सांगण्यात अर्थ नाही.

या आकड्यांत करही आहे. इंजिनाच्या कूलिंग पंपावर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा दर १८ टक्के झाला. करापूर्वी २,००० रुपयांचा पंप आधी २,५६० रुपयांना पडे, तो आता २,३६०ला पडायला हवा. मजुरीवर आधीपासूनच १८ टक्के आहे. मात्र वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या गॅरेजला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे छोट्या गॅरेजच्या मजुरीत तो कर दिसत नाही. शोरूम आणि गॅरेज यांच्या आकड्यांची तुलना करताना हा फरक वजा करायचे बहुतेक जण विसरतात.

गळेपर्यंत थांबायचे की आधीच बदलायचा?

पहिला मोठा मतभेद वेळेचा आहे.

एक बाजू म्हणते, पंप चालतोय तोवर चालू द्या. पंप सहसा अचानक दगा देत नाही. शाफ्टभोवतीचे सील झिजले की बॉडीला मुद्दाम ठेवलेल्या बारीक भोकातून कूलंट झिरपते, तिथे गुलाबी किंवा हिरवट पांढरा थर जमतो. बेअरिंग गेले तर घरघर किंवा किरकिर ऐकू येते आणि पुली हाताने हलवली तर खेळ जाणवतो. ही लक्षणे पाहून बदलले तर वेळ मिळतो, पैसे वाया जात नाहीत. नवा पंप लावल्यावर सुरुवातीला त्या भोकाशी थोडा ओलावा दिसू शकतो, तोही दोष नसतो. बाहेरच्या बेल्टवर चालणाऱ्या पंपांसाठी हे मत बरेच सयुक्तिक आहे. सापटीत हात घालून सहज पाहता येणाऱ्या भागाला आगाऊ निवृत्त करण्याचे कारण नाही.

दुसरी बाजू टायमिंग बेल्टवाल्या गाड्यांकडे बोट दाखवते. तिथे पंप कव्हरच्या आत, त्याची गळती वेळेत दिसत नाही. बेअरिंग अडकले तर बेल्ट घसरतो किंवा तुटतो आणि मग बिल पंपाचे राहत नाही, हेड, व्हॉल्व्ह आणि कधी पिस्टनचे होते. शिवाय बेल्ट बदलताना तीच सगळी उस्तवार होणार आहे. जुना पंप ठेवला आणि वर्षभरात गळला, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यायची. गेट्स, एसकेएफ, आयएनए यांसारखे उत्पादक म्हणूनच बेल्ट आणि पंप एकाच खोक्यात विकतात. त्यात त्यांचा धंदा आहे, पण मुद्दा खोटा ठरत नाही. या गटातल्या गाड्यांबाबत बहुतेक अनुभवी मेकॅनिकांचे एकमत आहे: बेल्टबरोबर पंपही बदलावा.

एकमत जिथे संपते तो प्रश्न निराळा. साखळीवाल्या गाडीत ऐंशी हजार किलोमीटरला पंप ‘सुरक्षेसाठी’ बदलावा का? अधिकृत केंद्रांत कधी कधी हा सल्ला मिळतो. कंपनीच्या देखभालीच्या तक्त्यात पंप नसेल तर तो सल्ला घेणे ऐच्छिक आहे, इतकेच म्हणता येते. माझे मत इथे थोडे कडक आहे. तक्त्यात नसलेली गोष्ट सुचवणाऱ्याने गळती किंवा खेळ दाखवावा, आणि ते दाखवायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

पंप का जातो, यावर मात्र फारसा वाद उरलेला नाही. सर्वांत मोठे कारण खराब कूलंट. आपल्याकडे गोठणबिंदूचा प्रश्न नसल्याने ‘अँटिफ्रीझ कशाला, पाणी पुरे’ ही समजूत पक्की आहे. पण महाराष्ट्राच्या हवेत कूलंटचा उपयोग गंजरोधक म्हणून आणि उकळबिंदू वर नेण्यासाठी असतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले की क्षार साचतात, गंज सुटतो आणि ती कणी सीलच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चरे पाडते. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र ओतली तर काही वेळा गाळ बनतो. दुसरे कारण, बेल्ट प्रमाणाबाहेर ताणणे. त्याने बेअरिंगवर सतत एका बाजूने भार येतो. गाळ न धुता नवा पंप टाकला तर तोही लवकर जातो, आणि मग दोष पंपाच्या ब्रँडला मिळतो. पंपावर पाचशे रुपये वाचवण्याची घासाघीस करणारा माणूस कूलंट बदलायचे टाळतो, तेव्हा त्याची बचत पुढच्या पंपात जाते.

कुठल्या खोक्यातला पंप?

दुसरा मतभेद भागाच्या जातीचा, आणि इथेच बाजार सर्वांत गढूळ आहे. पुण्यातले नाना पेठेतले दुकान असो किंवा मुंबईतले ऑपेरा हाउसचे, एका गाडीसाठी काउंटरवर तीन-चार पर्याय ठेवले जातात. कार कंपनीच्या नावाच्या खोक्यातला ‘जेन्युइन’. तोच किंवा तसाच पंप कार कंपनीला पुरवणाऱ्या उत्पादकाने आपल्या नावाने विकलेला. स्वतंत्र उत्पादकाचा पर्यायी पंप. आणि शेवटी, ज्याच्या खोक्यावर नाव नीट वाचता येत नाही असा लोकल माल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या भंगारबाजारातला जुना काढलेला पंप हा पाचवा, पण झिजणाऱ्या भागासाठी तो कुणी जाणकार सुचवत नाही.

कार कंपन्यांचा युक्तिवाद असा: पंपाच्या फिरत्या पात्यांचा आकार, पात्यांपासून भिंतीपर्यंतची फट आणि सीलचा दर्जा यांवर कूलंटचा प्रवाह ठरतो. बाहेरून सारखा दिसणारा पंप आतून वेगळा असू शकतो. शिवाय नकली मालाचा धोका आहेच.

पर्यायी उत्पादकांचा प्रतिवाद तितकाच भक्कम. कार कंपन्या सहसा स्वतः पंप बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. तीच वस्तू दुसऱ्या खोक्यात निम्म्या-पाऊणपट किमतीला मिळत असेल तर वरचे पैसे नावाचे आहेत. काही वेळा पर्यायी भाग सुधारितही असतो. फोक्सवॅगनच्या काही जुन्या इंजिनांत प्लास्टिकची पाती तडकत किंवा शाफ्टवर सैल होऊन घसरत, पंप फिरतोय असे वाटे पण पाणी हलत नसे. त्यांच्यासाठी धातूच्या पात्यांचे पंप बाजारात आले. धातू चांगला की चांगल्या दर्जाचे प्लास्टिक, यावर मेकॅनिकांत आजही दोन तट आहेत. धातूही गंजतो, आणि आधुनिक संमिश्र प्लास्टिक जुन्याइतके ठिसूळ राहिलेले नाही. पातीच्या साहित्यावरून पंप निवडणे म्हणूनच अपुरे ठरते.

नकली मालाचा मुद्दा दोन्ही बाजूंना मान्य आहे. सील आणि होलोग्राम पाहा, छापील किंमत पाहा, बिल घ्या, हे सल्ले योग्य आहेत. पाकीटबंद भागावर छापील किमतीपेक्षा जास्त घेणे बेकायदा आहे, हेही ठाऊक असावे. परंतु छापील किंमत आणि दुकानदाराला पडणारी किंमत यांत बरेच अंतर असते, आणि छोट्या गॅरेजची खरी कमाई बहुधा त्या अंतरात असते. ‘मजुरी फक्त सातशे’ म्हणणारा मिस्त्री पंपाच्या छापील किमतीवर आपला वाटा घेतो. ग्राहकाने स्वतः पंप आणून दिला की तोच मिस्त्री मजुरी वाढवतो किंवा हमी नाकारतो. ग्राहकाला हे अडवणुकीचे वाटते. मिस्त्रीच्या बाजूने पाहिले तर त्याने कमी सांगितलेली मजुरी त्या वाट्यावर उभी होती. मजुरी आणि भाग यांचे खरे आकडे वेगळे मांडायची पद्धत रुजली, तर हा वाद बराचसा मावळेल असे मला वाटते.

शोरूम की गॅरेज

तिसरा मतभेद सर्वांना परिचित. अधिकृत केंद्राच्या बाजूने प्रशिक्षित माणसे, टायमिंग लॉक करण्याची योग्य हत्यारे, ठरलेल्या वेळेनुसार मजुरीचा तक्ता आणि कामाची नोंद. विरोधात चढा दर, ‘यासोबत हेही करून घ्या’चा आग्रह आणि मूळ बिघाड शोधण्यापेक्षा आख्खा भागच बदलण्याकडे कल. गॅरेजच्या बाजूने दर, ओळख आणि काम डोळ्यांसमोर होणे. विरोधात हत्यारांची कमतरता, कूलंटमधली हवा पूर्ण न काढणे आणि तक्रारीला कागद नसणे. हवा काढण्याचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पंप बदलल्यावर गाडी पुन्हा गरम होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. नवा पंप खराब निघाला अशी समजूत होते आणि दुसरा पंप लागतो.

या स्पर्धेला कायद्याचीही एक बाजू आहे. एका ग्राहकाच्या २०११मधल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे हा स्पर्धेला मारक व्यवहार आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करा, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश त्यात होते. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. काही कंपन्यांच्या अपिलात लवादाने २०१६मध्ये निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड पूर्ण उलाढालीवर न मोजता सुट्या भागांच्या व्यवसायावर मोजायला सांगितले. कंपन्यांचे म्हणणे असे होते की मूळ भाग कुणाच्याही हाती दिले तर चुकीच्या कामाची जबाबदारी आणि बदनामी त्यांच्यावर येते. हा मुद्दा पूर्णपणे बाद करण्यासारखा नाही, विशेषतः टायमिंगच्या कामात.

पुढे २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. मोबाइल, घरगुती उपकरणे आणि शेती अवजारे यांच्याबरोबर वाहनक्षेत्रही त्यात आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्येच वाहन दुरुस्तीच्या माहितीसाठी कायदा केला होता. आपल्याकडे पोर्टल माहिती देण्याच्या पातळीवर आहे. पंपाच्या बोल्टांना किती टॉर्क द्यायचा, कोणते बोल्ट एकदाच वापरायचे, हे नाशिकच्या किंवा सांगलीच्या स्वतंत्र मेकॅनिकला सहज मिळते का, ही त्याची खरी परीक्षा.

कंपनीच बाजारातून निघून गेली तर शोरूमचा पर्यायही आकसतो. जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि तळेगावचा कारखाना २०२०मध्ये बंद झाला. फोर्डने २०२१मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. अशा वेळी पर्यायी उत्पादकांचा बाजारच मालकाचा मोठा आधार ठरतो, आणि ‘फक्त कंपनीचाच भाग’ हा आग्रह तिथे आपोआप सैल पडतो.

विमा कुठे उभा राहतो

इथे थोडक्यात सांगता येते. नेहमीची मोटर पॉलिसी झीज आणि यांत्रिक बिघाड यांना पैसे देत नाही, म्हणून पंपाचे बिल तिच्यात बसत नाही. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर पंप बहुधा तिच्यात येतो, पण कूलंट आणि बेल्ट यांसारख्या वस्तू वगळलेल्या असू शकतात. वाद उभा राहतो तो गळती दुर्लक्षून गाडी चालवल्याने हेड वाकले तर. इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी मुख्यतः पाणी शिरण्यासारख्या कारणांसाठी असते. तापलेले इंजिन तसेच पळवले, यात विमा कंपनी मालकाचा निष्काळजीपणा पाहते. मालक म्हणतो, मला कळलेच नाही. यात तथ्य असू शकते. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. त्यातून कूलंट पूर्ण निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान खरे दाखवेलच असे नाही. तीन हजारांचा पंप आणि पस्तीस-चाळीस हजारांचे हेडचे काम यांच्यामध्ये कधी कधी फक्त तो दिवा उभा असतो.

बेल्ट सुटलेले पंप

या वादाची पुढची पायरी विजेच्या पंपांची. बीएमडब्ल्यूने दोन हजारच्या दशकाच्या मध्यात पेट्रोल इंजिनांत इलेक्ट्रिक पंप आणला. तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसने तर बाहेरचा बेल्टच काढून टाकला. आपल्याकडच्या काही हायब्रिड गाड्यांतही असा पंप आहे. फायदा स्पष्ट आहे: इंजिनाच्या वेगाशी न बांधता, लागेल तेवढेच कूलंट फिरवता येते आणि इंधन वाचते. समर्थक म्हणतात, बेल्टचा ताण नाही, त्यामुळे बेअरिंगवरचा भार कमी. टीकाकार म्हणतात, पंपात मोटर आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट आले, म्हणजे झिजून हळूहळू गळण्याऐवजी एका दिवशी गप्प होणारा भाग आला. तो किटने दुरुस्त होत नाही, महाग असतो आणि हवा काढायला काही गाड्यांत स्कॅनर लावावा लागतो.

पूर्ण विजेच्या गाडीत इंजिन गेले, पंप गेला नाही. बॅटरी, मोटर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवायला पंप लागतोच, काही गाड्यांत एकापेक्षा जास्त. बॅटरीची वॉरंटी लांब असल्याने आज हे बिल मालकापर्यंत फारसे पोहोचत नाही. वॉरंटी संपलेल्या गाड्या मोठ्या संख्येने दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातील, तेव्हा नाना पेठेच्या काउंटरवर त्यांचे पंप कोणत्या खोक्यात आणि किती किमतीला येतात, ते दिसेल.

जे अजून सुटलेले नाही

तीन प्रश्न उघडे आहेत. पहिला, मजुरीच्या वेळेचा. अधिकृत केंद्रांकडे प्रत्येक कामाचे ठरलेले तास असतात, पण ते ग्राहकाला आधी दाखवले जातातच असे नाही, आणि स्वतंत्र गॅरेजसाठी सर्वमान्य तक्ता रूढ नाही. अमेरिकेत अशी वेळपत्रके विकत मिळतात आणि गॅरेजवाला व ग्राहक त्यांच्यावर भांडू शकतात. आपल्याकडे भांडण अंदाजावर होते. तक्ता आला तर चांगल्या, सावकाश काम करणाऱ्या मिस्त्रीचे नुकसान होईल, अशी शंका गॅरेजवाले घेतात, आणि ती निराधार नाही.

दुसरा, हमीचा. पंपावर सहा महिने किंवा वर्षभराची हमी मिळते, पण ती सहसा वस्तूची असते. टायमिंगवाल्या गाडीत सदोष पंप फुकट बदलून मिळाला तरी आठ-दहा हजारांची मजुरी पुन्हा कुणी भरायची? उत्पादक म्हणतो, बसवण्यात चूक झाली. मेकॅनिक म्हणतो, मालच खराब होता. जुना पंप परत मागून घेणे, कूलंट कोणते आणि किती घातले ते बिलावर लिहून घेणे, एवढेच ग्राहकाच्या हातात उरते. काही मोठ्या बहुब्रँड गॅरेज साखळ्या मजुरीसह हमी देऊ लागल्या आहेत. ती पद्धत टिकेल का, हे त्यांच्या दरांवर ठरेल.

तिसरा प्रश्न रचनेचा, आणि तो गॅरेजच्या बाहेरचा आहे. पंप टायमिंग बेल्टमागे ठेवण्याने इंजिन आटोपशीर होते, जागा वाचते, बांधणी स्वस्त पडते. हा फायदा गाडी विकताना कंपनीला आणि काही अंशी पहिल्या ग्राहकाला मिळतो. त्याची किंमत आठ-दहा वर्षांनी गाडी घेणारा दुसरा मालक भरतो. जुनी गाडी घेताना किलोमीटर, टायर आणि रंग पाहिला जातो. टायमिंगचे काम कधी झाले आणि तेव्हा पंप बदलला होता का, याचे बिल मागणारे ग्राहक वाढले, तर निदान जुन्या गाड्यांच्या बाजारात तरी या खर्चाला भाव मिळेल. नव्या गाडीच्या माहितीपत्रकात तो कधी छापला जाईल, असे आज तरी दिसत नाही.